पंखाला लावलेलं मेण

ती. भाऊजींस,

मेहुण्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. जिना चढताना आपला गुडघा आता कुरकुरत नसेल, अशी आशा आहे. माझी प्रकृती उत्तम; मनाचं मात्र विचारू नये.

गुरुवारी तुम्ही अक्काला घेऊन डोंगरापलीकडे उडणार, त्यात ढग खाली आणि थंडी कडक, म्हणून तुमचं विमान मी जातीनं तयार करायला घेतलं. (तुम्ही फक्त "धुऊन ठेव" म्हणाला होतात. पण काम अर्ध्यावर सोडणाऱ्यांतला मी नाही, हे आपण जाणताच.) पंखांच्या पुढच्या कडेची धातूची पट्टी मला निस्तेज वाटली. सबब तिला तीन दिवस मेण घासलं. कापड सुती, दोनदा धुतलेलं. हँगरचा रखवालदार आला, पट्टीत बघून मिशा सारख्या केल्या आणि म्हणाला, "दादा, दाढीला आता आरसा नको!" मी (संयमानं) हसलो.

मग नियमाप्रमाणे पंप चालू केला. त्या पट्टीला सुईच्या टोकाहून बारीक अशी हजारो छिद्रं असतात, त्यांतून न गोठणारा द्रव पाझरतो आणि पंखावर बर्फ धरत नाही, हे मी कुणाकडेही न शिकता, स्वतः वाचून जाणतो. (पट्टीला मेण लावू नये, हे पुढच्या पानावर होतं. ते पान नंतर वाचलं.) उजवा पंख कोरडा. डावा कोरडा. टोकाशी एक थेंब दिसला, तो माझ्या घामाचा निघाला.

शेवटी त्या शिकलेल्या मेकॅनिकला बोलावलं, ज्याला मी अकरा वर्षं 'कागदी' म्हणत आलो. तो हसला नाही, हे जास्त लागलं. "काका, हे पुसून निघायचं नाही. पट्ट्या काढून तपासायला लागतील. तोवर ढगात नाही म्हणजे नाही." त्याचं म्हणणं मला प्रथमच पटलं.

बाकी विमान फार देखणं झालं आहे.

आपला,
मेहुणा

ता. क. अक्काला विमानात बसवू नका. तुम्हीही बसू नका. बर्फ धरला की पंख विमानाला उचलून धरत नाही; माझ्या हातची सफाई तिथं उपयोगाची नाही.

ता. क. २. किल्ली शोधू नका, माझ्याकडे आहे. पत्र तुमच्या सीटवर ठेवून मी मागच्या पिंपाआड उभा आहे. राग उतरला की खाकरा. अक्का सोबत असेल, तर आधी तिला बाहेर पाठवा.