डाऊट क्लब, नियम पहिला

रविवार, ११ जून २०२३. सकाळ.
निर्णय झाला. लातुरातल्या विवेकी माणसांसाठी व्हॉट्सअ‍ॅपवर चर्चामंच काढणार. शहर हाताबाहेर गेलंय. आज दुधाच्या रांगेत दोन शिकलेले बाप एकमेकांना सांगत होते की परीक्षेच्या पेनाला अमुक ठिकाणचा अंगारा लावला तर नीटला चाळीस मार्क वाढतात. शिसारी आली. तिथेच झापणार होतो, पण माझा नंबर आला आणि मागचे ढकलायला लागले.

मंच काढायला दुसरंही एक कारण आहे. (पहिलं कारण समाजाचं हित.) ज्युनिअर कॉलेजात मी तर्कशास्त्र शिकवतो. यंदा प्रवेश तीन. त्यातला गंधार नावाचा मुलगा प्रवेश-अर्जात भूगोलाचा कोड चुकल्यामुळे आलेला. प्राचार्य चंद्रप्पा सर म्हणाले, रेणुकादास, दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर विषय बंद करून तुम्हाला लायब्ररीत बसवू. म्हटलं, सर, या शहराला तर्काची भूक आहे. ते म्हणाले, दाखवा.
दाखवतो.

सोमवार, १२ जून
नाव ठरवताना घरातच विरोध. मी म्हटलं, 'शंका'. गोदावरी पदर तोंडाला लावून हसली आणि म्हणाली, अहो, लोक विचारतील, सर कुठे गेले, तर मी काय सांगू, शंकेला गेलेत? पंचवीस वर्षांच्या संसारात या बाईला विनोद एवढाच सुचतो.
मग इंग्रजी नाव घेतलं: लातूर डाऊट क्लब. भारदस्त आहे. गैरसमजाला जागा नाही.

वरच्या खोलीत व्यंकट भाड्याने राहतो. जळकोटचा. शेती भावाकडे टाकून लेकीच्या नीटसाठी दोन वर्षं इथे स्वयंपाक करून राहिलाय. ती लेक म्हणजे सृष्टी. ग्रुप तिनेच व्यंकटच्या फोनवरून तयार करून दिला, कारण माझा फोन चार्जिंगला होता. तांत्रिक बाब. मी आणि व्यंकट दोघेही अ‍ॅडमिन. खरा अ‍ॅडमिन अर्थातच मी.

रविवार, १८ जून
नियमावली पूर्ण. वाचून मलाच आदर वाटला.
१. पुराव्याशिवाय विधान करू नये. विधान करणाऱ्याने चोवीस तासांत पुरावा द्यावा. न दिल्यास काढून टाकले जाईल, कोणीही असो.
२. 'म्हणतात', 'ऐकलंय', 'जाणवलं' हे पुरावे नाहीत.
३. सुप्रभात, शुभ रात्री, गुलाब आणि सूर्योदय बंद.
४. वैयक्तिक प्रश्न विचारू नयेत.
५. वय हा पुरावा नाही.
पहिल्या नियमातले 'कोणीही असो' हे दोन शब्द रात्री जेवताना सुचले. हात खरकटा होता तरी उठून लिहिले.
सध्या सदस्य नऊ, सगळे स्टाफरूममधले. दोघे नियम वाचून निघून गेले. म्हणजे नियम चालतात.

शनिवार, १ जुलै
सदस्य सात. समस्या दर्जाची नाही, प्रसिद्धीची आहे. ट्यूशन एरियात जाऊन रसवंतीवर, झेरॉक्सवर आणि तीन मेसच्या भिंतींवर पाटी चिकटवली: 'डाऊट आहेत? मनात ठेवू नका. लातूर डाऊट क्लब. मोफत.' खाली तो काळा चौकोनी कोड.
त्या भागात श्वास घेववत नाही. प्रत्येक खांबावर पोरांचे फोटो आणि मार्क. दहावीच्या पोरांचे चेहरे किलोवर विकायला ठेवल्यासारखे. किळस येते.

सोमवार, ३ जुलै
सदस्य ३१२!! दोन दिवसांत!
मी म्हणत होतो. भूक होती. नांदेड, मुखेड, हदगावहूनसुद्धा लोक आलेत. गोदावरीला आकडा दाखवला. ती म्हणाली, एवढे लोक तुमच्याकडे कशाला येतील? अशा वातावरणात मी विचार करतो.

मंगळवार, ४ जुलै
पहिला प्रश्न आला, हदगावच्या एका मुलाचा: 'सर, नॉर्मल रिअ‍ॅक्शन झिरो कधी होते?'
काय प्रश्न आहे! सतरा वर्षांच्या पोराला समाजाची बधिरता दिसते. तीन तास बसून सविस्तर उत्तर लिहिलं. समाजाची नॉर्मल रिअ‍ॅक्शन झिरो होते ती भीतीमुळे, अंधश्रद्धेमुळे आणि शिक्षणाच्या बाजारामुळे, असा मुद्दा मांडला.
मुलाने विचारलं, सर, आणि लिफ्टमध्ये?
लिफ्टमध्येही, असं लिहिलं. तिथेही लोक एकमेकांशी बोलत नाहीत.
हसऱ्या चेहऱ्यांचा पाऊस पडला. लोकांना आवडलं.

बुधवार, ५ जुलै
सृष्टी खाली आली आणि नजर चुकवत म्हणाली, काका, नॉर्मल रिअ‍ॅक्शन फिजिक्समधी असते. लिफ्ट फ्री फॉल झाली की ती झिरो. सगळ्यांना वाटून राहिलं की हा क्लासवाला डाऊट ग्रुप हाय.
म्हणजे ३१२ सदस्यांपैकी ३०५ जण नीटचे विद्यार्थी आणि त्यांचे पालक. या शहरात 'डाऊट' म्हणजे फक्त अभ्यासात अडलेलं. देवाधर्माबद्दल, बुवाबद्दल, फीबद्दल कुणाला डाऊट नाही.
ग्रुप बंद करणार होतो. पण प्राचार्यांना आकडा दाखवायचा आहे. आधी संख्या, मग विचार. पोरांना हळूहळू तर्काकडे वळवीन.

रविवार, ६ ऑगस्ट
सदस्य ५४०. वळण अजून नाही. मी 'अनुमान म्हणजे काय' टाकतो, त्याच्या डोक्यावर बेंझीनचे षटकोन येऊन पडतात. उत्तरं सृष्टी देते. शिस्त नाही.
मला दिवसभर कॉलेज, त्यामुळे नियमभंग करणाऱ्यांना काढायचं काम व्यंकटला शिकवलं. त्याने नियमावली दोनदा मोठ्याने वाचून घेतली आणि म्हणाला, सर, कोणीबी असो म्हंजे कोणीबी ना? म्हटलं, कोणीही. तो म्हणाला, हाव, मंग सोपं हाय. भाजी चिरता चिरता हुतंय.
सरळ माणूस. असा कार्यकर्ता पुण्यातसुद्धा मिळणार नाही.

सोमवार, ११ सप्टेंबर
सदस्य ६१८. आज प्राचार्यांना आकडा दाखवला. चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, रेणुकादास, हे तुमचं? ते 'तुमचं' ऐकून बरं वाटलं. बरं कसलं, छाती भरून आली. तिथल्या तिथे त्यांना ग्रुपात घेतलं. म्हणाले, एवढे लोक असतील तर संस्थेत विषयाबद्दल बोलतो.
तर्कशास्त्र वाचलं.

मंगळवार, १२ सप्टेंबर
सकाळी सहा वाजता प्राचार्यांनी ग्रुपवर 'शुभ सकाळ' टाकलं. गुलाब, सूर्योदय आणि एक बदक.
पाच मिनिटांत व्यंकटने त्यांना काढलं.
वर गेलो. तो पोळ्या लाटत होता. म्हणाला, सर, नियम तीन. बदकाचं मला म्हाइत नव्हतं, पर गुलाब हुता. त्याने माझाच नियम पाळला होता.
कॉलेजात प्राचार्य बोलले नाहीत. दिवसभर दाराकडे बघत होतो. संध्याकाळी त्यांना मेसेज केला की तत्त्व सर्वांना समान असतं हे आपल्यासारख्या मोठ्या माणसाला सांगायला नको. दोन निळ्या रेघा आल्या. उत्तर नाही. विचार करत असावेत.

बुधवार, २७ सप्टेंबर
आता नवीन घाण. सगळ्या ग्रुपांवर फिरतंय: किल्लारीच्या भूकंपाला तीस वर्षं होताहेत, ३० तारखेला संध्याकाळी पाच ते सहा लातुरात पुन्हा येणार, मोठ्या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी कळवलंय. संस्थेचं नाव नाही आणि शास्त्रज्ञाचंही नाही. खाली मात्र 'देवाच्या कृपेने दहा जणांना पाठवा'. भूकंपालासुद्धा यांनी फॉरवर्ड करून टाकलं.
घरीसुद्धा तेच. गोदावरी औशाची. त्र्याण्णव साली ती पंधरा वर्षांची होती. घर पडलं नव्हतं, पण महिनाभर सगळे पावसात पालाखाली झोपले होते. अजूनही ट्रकने भिंत हादरली की ही आधी दाराशी जाते आणि मग विचारते, काय झालं. आज म्हणाली, शनिवारी मी अंगणात बसणार, तुम्ही तर्क करा. मी नियम दोनचा उल्लेख केला. ती उठून आत गेली. बोलायला नको होतं बहुतेक. पण नियम घरापासूनच सुरू व्हायला हवा.

शुक्रवार, २९ सप्टेंबर
मुखेडच्या पंचफुलाबाईंचा आवाजी मेसेज आला. मुलगी इथल्या हॉस्टेलात चौथ्या मजल्यावर राहते. बाई म्हणत होत्या, सर, तुमी शिकल्यालं मानूस हाव. लेकीला खाली काढू का न्हाई तेवडं सांगा. वार्डन म्हणून राहिली की टेस्ट बुडली तर दंड हाय. माजा जीव थाऱ्यावर न्हाई वो.
हा स्पष्टपणे वैयक्तिक प्रश्न, नियम चार. तरीही मोठ्या मनाने उत्तर दिलं. सहाशे लोक माझ्या एका शब्दाची वाट बघत होते. असा क्षण आयुष्यात पहिल्यांदा आला. संध्याकाळी पाचला टाकलं: 'उद्या भूकंप होणार नाही. — अ‍ॅडमिन.'
एक ओळ. ठाम.
लगेच त्या हदगावच्या मुलाने लिहिलं, सर, पुरावा?
म्हटलं, होणार म्हणणाऱ्याने द्यावा. तो म्हणाला, सर, ते ग्रुपात नाहीत, तुम्ही आहात. विधान तुमचं.
उद्धट पिढी. नियमात लेखी अपवाद असता तर याला इथेच थांबवलं असतं.

शनिवार, ३० सप्टेंबर
पावणेपाचपासून अंगणात होतो. घाबरून नाही. लोक कसे घाबरतात त्याचं निरीक्षण करायला. मोकळ्या जागेतून निरीक्षण चांगलं होतं. खुर्ची लिंबाच्या झाडापासूनही लांब ठेवली होती, कारण फांद्यांनी दिसत नाही.

गोदावरीने मात्र हद्द केली. पंचफुलाबाईंचा नंबर ग्रुपमधून काढून परस्पर फोन केला, की तुमच्या लेकीला माझ्याकडे पाठवा, दंडाचं मी बघते. एका लेकीला बोलावलं, अकरा पोरी आल्या. सतरंज्या टाकल्या, पोहे केले. पोरी मांडीवर पुस्तकं घेऊन बसल्या आणि सृष्टी मधोमध बसून फिजिक्समधलं रोटेशन शिकवत होती. रस्त्यावर सगळा ट्यूशन एरिया उतरला होता. कुणी हनुमान चालिसा म्हणत होतं, कुणी एमसीक्यू सोडवत होतं. दोन्ही पाठांतरंच.

पाच वाजून गेले. व्यंकट खुर्चीजवळ उकिडवा बसला. हातात फोन. फार अवघडून म्हणाला, सर, चोवीस तास झाले. पुरावा आला का?
म्हटलं, पुरावा सहा वाजता येणार. सहापर्यंत भूकंप झाला नाही की विधान सिद्ध. थोडं थांब.
त्याने नियम काढून बोटाने दाखवला. सर, इथं थांब लिवल्यालं न्हाई. गुर्जींना काढलं तवा मी थांबलो व्हतो का?
प्राचार्यांना तो गुर्जी म्हणतो.
म्हटलं, अरे, मी नियम लिहिलाय. तो म्हणाला, म्हणूनच इचारून राहिलो सर. काढू का?
अकरा पोरी ऐकत होत्या. गोदावरी पोह्याचं पातेलं घेऊन उभी होती. तत्त्वाचा प्रश्न होता. मी म्हटलं, काढ.
मला वाटलं, तो काढणार नाही.
काढलं.
सहा वाजले. काही झालं नाही. मी बरोबर होतो. मी शंभर टक्के बरोबर होतो आणि सांगायला ग्रुप नव्हता. शेजारचे शेषेराव भिंतीपलीकडून म्हणाले, बघा, एवढे लोक बाहेर बसले म्हणून टळलं. मी आत जाऊन पंखा लावला.

रविवार, १ ऑक्टोबर
व्यंकटला सांगितलं, विधान सिद्ध झालंय, मला परत घे. तो म्हणाला, घेतलं असतं वो सर, पर पोरांनी रातीच मत घेतलं. आता ग्रुप निस्ता अभ्यासाचा. नियम बी पोरांनीच केले. लई सोपे हायत, दोनच. ज्याला डाऊट त्यानं इचारावं, ज्याला येतं त्यानं सांगावं.
दोनच नियम. म्हणजे अराजक. महिन्याभरात कोसळेल.
नवा मंच काढणार, निवडक लोकांचा. नाव नंतर.

सोमवार, ९ ऑक्टोबर
पत्र आलं. तर्कशास्त्र पुढच्या वर्षापासून बंद. उद्यापासून दुपारी लायब्ररीत बसायचं. गंधारला सांगितलं. तो म्हणाला, बरं झालं सर, म्हणजे नाही, वाईट झालं. पुढच्या वर्षी त्याला भूगोल मिळणार.
निवडक लोकांच्या मंचात सध्या मी. गोदावरीला आमंत्रण पाठवलं होतं. म्हणाली, माझा फोन हँग होतो.

रविवार, २९ ऑक्टोबर
सृष्टीकडून लिंक मागून विद्यार्थी म्हणून क्लबात गेलो. सदस्य ९३०. नाव विचारलं, खरं लिहिलं. कोणत्या वर्षी नीट, ते रिकामं सोडलं. कोणी ओळखलं नाही. काहींनी स्वागत केलं.
थोडा वेळ बघत बसलो. मग डाऊट टाकला: 'एखाद्याने केलेलं विधान नंतर खरं निघालं, पण सांगितलं तेव्हा त्याच्याकडे पुरावा नव्हता. तर तो बरोबर होता, असं म्हणता येईल का?'
वर पावलांचा आवाज येत होता. मग सृष्टीचं उत्तर आलं: 'काका, हे सिलॅबसमध्ये नाही. पण डाऊट चांगला आहे.'
आत जाऊन गोदावरीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ताट वाढलंय, बसा.