बाटलीतली विहीर

३ फेब्रुवारी

वहीबाई, माफ कर, फार दिवसांनी उघडतोय तुला. करणार काय — सकाळ विहिरीत डोकावण्यात जाते, दुपार काळजी करण्यात! पाणी आणखी खाली गेलंय. बादली आता तळाला आपटते. शेजारी बाटलीबंद पाण्याचा कारखाना आला तेव्हापासून हे सुरू. त्यांची बोअर आमच्या कुंपणाला खेटून, विहिरीपेक्षा कितीतरी खोल. बाटलीवर चित्र मात्र बर्फाच्या डोंगराचं! इथे डोंगर एकच — नाक्यावरचा, कचऱ्याचा.

५ फेब्रुवारी

पोरगा त्याच कारखान्याचा टेम्पो चालवतो. आज मोठा जार घेऊन आला. ही म्हणाली, "अगंबाई, आपलीच विहीर पाहुणी म्हणून आली की!" मी हसलो. पोरगा हसला नाही.

६ फेब्रुवारी

मॅनेजर कुंपणाशी भेटला. विचारलं, "साहेब, गटारात एवढं पाणी कसलं सोडता?"

"बाटल्या धुतलेलं, आजोबा. स्वच्छता नको का?"

म्हणजे भरायचं थोडं, सांडायचं जास्त. "आणि रिकाम्या बाटल्या?"

"त्या गिऱ्हाइकाच्या."

गिऱ्हाइकाच्या म्हणे! मग आमच्या नाल्यात का येऊन पडतात? त्यावर साहेबांनी फाटकाकडे बोट दाखवलं. दोन कुंड्या ठेवल्यात — निसर्गासाठी!

१० फेब्रुवारी

गल्लीने तक्रारीचा अर्ज केलाय. सगळ्यांच्या सह्या झाल्या, माझीच बाकी. माझी सही म्हणजे तीन अक्षरं, तीही एकमेकांना टेकून उभी! तेवढीही होईना. पोरगा जेवता जेवता म्हणाला, "बाबा, करायची तर करा सही. पण मग मालक टेम्पोची किल्ली काढून घेईल. मला लेकरं आहेत."

ही फणकारली, "विहीर राहील हो, पण खायचं काय? दोर?"

कुणी काही चूक बोलत नाही, हीच तर पंचाईत!

१२ फेब्रुवारी

नाही केली सही. शेजारचा शिंपी म्हणाला, "काका, तुमची विहीर सगळ्यात आधी आटणार, आणि तुम्हीच मागे?" मान खाली घालून घरी आलो. घशाला कोरड पडली होती, जार तिरका केला. गोड लागतं मेलं!

२० फेब्रुवारी

विहीर आटली. तळाशी चिखल, आणि चिखलात एक रिकामी बाटली.

२ मार्च

कारखाना बंद! त्यांच्याही बोअरला खारं पाणी लागलं. मॅनेजर म्हणाला, "इथलं संपलं, आजोबा. कंपनीने दुसरी जागा बघितलीय, पाणी मुबलक आहे." संपलं म्हणे — जशी काही बरणीतली साखर! जाताना कुंड्यासुद्धा गाडीत चढवल्या. निसर्ग घेऊन गेले. पोरगाही गेला त्यांच्यामागून. सून आणि नातवंडं इथेच. "जम बसला की नेतो," म्हणाला.

५ मार्च

अजून फोन नाही. पोरा, पोचलास का? लवकर कळव रे, जीव टांगणीला लागलाय. आणि तिथल्या लोकांच्या विहिरी बघून ये एकदा. तुझी पोरं मोठी होईपर्यंत पुरतील ना?