म्बिरावरचं रॅप

म्बारे वस्ती, हरारे
रविवार

मामा,

तुम्ही रागावलेले आहात हे ठाऊक असूनही लिहायला बसले आहे.

म्बिराच्या लोखंडी पट्ट्या अंगठ्याने छेडायला तुम्हीच मला शिकवलंत. त्या सुरांवर मी रॅप करू लागले, तेव्हा म्हणालात, "पितरांना बोलवायचं वाद्य आहे ते. मशीनच्या ठोक्यांत घालणार असशील तर माझ्या दारात येऊ नकोस."

गेल्या महिन्यात रेडिओ स्टेशनवर गाणं ऐकवलं, तर तिथला माणूस म्हणाला, "पोरी, ठोके झकास आहेत. फक्त ते गावठी टुणटुण काढून टाक."

मी दोघांचंही ऐकलं नाही.

काल इथल्या हॉलमध्ये मी तुम्ही शिकवलेलीच चाल वाजवली. खाली मशीनचे ठोके, वर माझे शब्द. पोरं आधी हसली. तेवढ्यात मागच्या रांगेतली एक बाई उठली, चपला काढल्या आणि गावच्या विधीत नाचतात तशी पाय आपटत नाचू लागली. हळूहळू अख्खा हॉल उठला.

ती मामी होती. निघताना म्हणाली, "पुढच्या शनिवारीही येईन. तुझ्या मामाला सांगितलंय, चर्चच्या बायकांकडे जातेय."

म्हणून हे पत्र मी टाकणार नाही. वाजवणं मात्र थांबवणार नाही.

तुमचीच भाची,
रुतेंदो