लिंबावरचा शिंपी

२ एप्रिल

कीबोर्ड बिघडलेला नाही! बाबा रोज कटकट करतात, ‘पोट्टी, तुह्या बाजाचे वरचे सूर मेले, दुकानात दाखव.’ दाखवला. दुकानदार हसला – ‘दीदी, सब ठीक है.’ रिक्षात बसले आणि एकदम लक्षात आलं. सूर मेलेले नाहीत. बाबांना ऐकू येत नाहीत.

४ एप्रिल

डॉक्टरकडे नेलं. बाबांची सारी नोकरी सिलतऱ्याच्या लोखंडाच्या प्लांटमध्ये, त्या घडघडाटात. बारीक, उंच आवाज गेले ते गेलेच, डॉक्टर म्हणाले. कानाला मशीन लावा. बाबा भडकले – ‘मी का बहिरा हाव? तू बोलते ते समदं ऐकू येते मले!’ खरंच येतं. हीच तर पंचाईत.

६ एप्रिल

अंगणातल्या लिंबावर शिंपी पक्षी नुसता कलकलत होता. अंगठ्याएवढा जीव, पण आवाज केवढा! बाबा बरोबर त्याच्याखाली खुर्ची टाकून बसलेले. म्हणाले, ‘यंदा शिंपी आलाच नाही. धुळीनं पळाला बिचारा.’

लहानपणी याच पक्ष्याच्या आवाजावर त्यांनी मला पेटीवर सूर शोधायला शिकवलं. आणि मी? तोंड उघडलं, तर ‘चहा ठेवू का?’ एवढंच निघालं.

९ एप्रिल

शिंप्याचा आवाज मोबाइलवर धरला, कीबोर्डमध्ये घातला, त्याला बासरीचा टोन जोडला. पट्टी दाबली की दोन्ही एकदम वाजतात. धाकटा यशदीप लगेच – ‘मस्त है दीदी, चौदा तारीख को विहार में यही बजाओ!’ या भावाला काय सांगू, कुणासाठी चाललंय ते.

बाबांनी डोळे मिटून ऐकलं. ‘बासरी गोड आहे.’ बस्स.

१० एप्रिल

खालच्या पट्ट्यांवर वाजवला की तोच आवाज जाड होतो, सावकाश होतो. खाली गेले, आणखी खाली. बाबा ताठ बसले! ‘हां, हे आलं ऐकू. बेडूक आहे का?’

मी हसले. काय करणार? शिंपी शिंप्यासारखा वाजला की बाबांना ऐकू येत नाही, आणि ऐकू आला तर तो बेडूक होतो!

‘काहून एवढी खटपट करून राहिली?’ त्यांनी विचारलं. माझ्या तोंडून निघूनच गेलं – ‘शिंपी आहे, बाबा. रोज येतो तो.’

बाबा उठले. अंगणातली खुर्ची उचलून आत आणली.

११ एप्रिल

खुर्ची आतच. सांगायलाच नको होतं. नको होतं!

१२ एप्रिल

दुपारी वादळ. लिंबाची मोठी फांदी मोडली. कीबोर्डला हात लावावासा वाटत नाही.

१३ एप्रिल

सकाळी अंगणातून हाक – ‘पोट्टी, लवकर ये! ऐक, शिंपी बोलून राहिला!’

धावत गेले. झाडावर कुणीच नव्हतं. वादळापासून तो फिरकलेलाच नाही. बाबा पुन्हा लिंबाखाली खुर्चीत, बोट वर करून, माझ्याकडे बघत होते.

‘हव बाबा,’ म्हटलं, ‘आला ऐकू.’