गेटवरचा आवाज

गंजाडच्या आत्याला,

तुझ्याकडे शिकायला होते तेव्हा तू रोज म्हणायचीस, "प्राजक्ता, हळू बोल." तलासरीला चिकूच्या पॅकिंगला लागले, तिथेही टेबलावरच्या बडबडीवरून बोलणी खाल्ली. वाटलं, नोकरी गेलीच.

मग ट्रेनिंगच्या मॅडम शेजारी बसल्या. "काम अडलं की तू काय करतेस?"

"ओरडून विचारते, कोणामुळे अडलं."

त्या हसल्या आणि साहेबांना म्हणाल्या, "हिला गेटवर द्या."

आता मराठी, गुजराती, वारलीत हाका मारून टेम्पो रांगेत लावते. आत्या, किती मोकळं वाटतं गं! काल तुझाच लेक सुनिल टेम्पो घेऊन रांग मोडून पुढे घुसला. असा आवाज दिला, की निमूट मागे गेला.

पत्र टाकत नाही. गंजाडपर्यंत ऐकू आलंच असेल.

तुझी,
प्राजक्ता