म्हसवडची एसटी

रिबेका,
डब्यासाठी तुला उठवलं न्हाई. भाकरी मीच थापल्यात, कडा फाटल्यात. धाकट्या सलोमीला वेळेत शाळेत सोड.

काल संध्याकाळी दारात बूट काढताना ऐकलं. धाकटीला घेऊन तू प्रार्थना चालवत होतीस, अगदी तुझ्या आईसारखी. ती गेल्यापासनं मी प्रार्थनेला बसलो न्हाई. तुला कुणी बस म्हटलं न्हाई, तरी तू एक दिवस खाडा केला न्हाईस. मला ते जमलं न्हाई, बाळ.

पण "प्रभू, पप्पांची आटपाडीची गाडी सांभाळ" म्हणालीस. सोमवारपासनं मी म्हसवडची एसटी चालवतोय. तुला सांगायचंच राहिलं.

आज सातला येतो. माझीबी चटई टाक. मी आल्याशिवाय आमेन म्हणू नका.

पप्पा