मेंदीची दाढी आणि सॅमन मासा

अल नहदा, शारजा

अन्वरीस मरियमबीचा सलाम.

मी कोण ते आठवतंय ना? नसेल तर सांगते. परवा ज्यांच्याशी तू फोनवर वीस मिनिटं बोललीस, त्यांची मी बायको. शिवाय तुझी मावसबहीण. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्याची चौकशी तू विसरलीस. ह्यांना चहात साखर चालते का, हे मात्र आठवणीने विचारलंस. तुझी तब्येत छान असेलच. तशीच राहो, पण बेतानं.

तू सातवी शिकलेली, मला अक्षर येत नाही, म्हणून मी सांगते आणि सून नबिला लिहिते. (ती हसतेय. म्हटलं, हसणंही लिही.)

तर पुतण्या उझैरच्या लग्नाला हे गावी एकटेच येताहेत. मला डॉक्टरने सहा आठवडे विमान बंद केलंय. तिकीट आलं आणि ह्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाचा नूरच पालटला. दोन नवे शर्ट, अत्तराची बाटली. (गेल्या वर्षी माझ्याबरोबर गावी आले तेव्हा कोपरावर विरलेला शर्ट चालला होता.) मग दाढीला मेंदी. अर्धा तास ठेवायची, तर ह्यांचा डोळा लागला तो थेट दुपारी जुहरच्या अजानेला उघडला. दाढी कसली, पेटलेली शेगडी! मशिदीच्या दारात खालच्या मजल्यावरचा पठाण म्हणाला, "माशाल्ला चाचा, शादी किसकी है?" "भतीजे की" हे सांगायला ह्यांना जरा वेळच लागला म्हणे.

त्याच संध्याकाळी नात सफा शाळेचा प्रोजेक्ट घेऊन बसली. सॅमन मासा. इथे मॉलमध्ये बर्फावर गुलाबी तुकडे मांडलेले असतात तो. भाव विचारू नकोस. हा जन्मतो नदीत, वाढतो समुद्रात. तिथे कोळंबीसारखं बारीकसारीक खातो, त्याचा लाल रंग ह्याच्या मांसात उतरतो. अंडी घालायचे दिवस आले की जन्मलेल्या नदीकडे उलटा पोहत सुटतो. मग खाणं बंद. मांसातला रंग निघतो तो कातडीवर येतो. काहींचं तर अंग लालभडक आणि डोकं हिरवं होतं, नराचा जबडाही आकड्यासारखा वळतो. आतलं मांस मात्र फिकं पडत जातं.

म्हटलं, एवढा थाट कशाला? सफा म्हणाली, "टू इम्प्रेस द लेडीज, दादी." आणि आजोबांच्या दाढीकडे बोट करून, "लाइक दादा!"

सगळे हसले. मी नाही हसले. ह्यांच्या आईने आधी तुझा हात मागितला होता. बोटीवर नोकरी नाही म्हणून तुझ्या बाबांनी नाही म्हटलं. मग ह्यांना नोकरी लागली, आणि मग मी. (हा क्रम मी पन्नास वर्षं ध्यानात ठेवलाय.) आता तू एकटी, तुझं दार ह्यांच्या गावच्या दारासमोर, आणि तुझ्या हातच्या गोड सांदणांचं नाव निघालं की ह्यांचा आवाज तीस वर्षांनी लहान होतो. तेव्हा सांगून ठेवते: लग्नाखेरीज दोनदाच भेट, तीही ओटीवर, उझैरच्या आईसमोर. अत्तराचं कौतुक करायचं नाही. दाढीकडे बघून हसायला हरकत नाही.

तुझ्यावर जळणारी, पण बहीणच,
मरियमबी (अंगठा)

ता.क. हे पत्र ह्यांच्याच हाती देतेय. डिंकाने चिकटवून देणार आहे. फुटलेलं मिळालं तर आधी त्यांचं तोंड बघ, मग वाच.

ता.क. दुसरा. अंडी घालून झाल्यावर त्या माशाचं काय होतं, असं मी सफाला विचारलं. पोर नबिलाकडे बघायला लागली. पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाली, "मोस्टली दे डाय, दादी." अन्वरी, तिकीट आल्यापासून हे धड जेवत नाहीत. अर्धी भाकरी, आणि खलास. विचारलं तर म्हणतात, गावी जाऊन जेवेन. वर काल फोनवर भावाला सांगत होते, परतीची तारीख पुढे ढकलता येते. मी लंगडी इथून काय करणार? म्हणून वरचं सगळं रद्द. दोनदा नको, रोज बोलाव. समोर बसून जेवायला घाल. अत्तराचं कौतुक केल्याने दोन घास जास्त जाणार असतील तर तेही कर, मला कळवू नकोस. फक्त ठरल्या रविवारी त्यांना विमानात बसव.

ता.क. तिसरा. त्यांच्याबरोबर ओले काजूगर पाठव. सुके नकोत, टिकणारं सामान असलं की माणूस आणखी चार दिवस राहतो. ओलेच दे, निघायच्या दिवशी सकाळी सोललेले, आणि त्यांना बजावून सांग की उद्यापर्यंत मरियमबीच्या हातात पडले नाहीत तर नासतील.